न्यायाधीश निवडून द्यावा काय?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वसंत व्याख्यानमालेत पंचायत राज्यावरचे व्याख्यान आटोपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उठला आणि त्याने विचारले, "सरपंच आम्ही थेट निवडतो, नगराध्यक्ष निवडतो, बाजार समितीवर माणसे पाठवतो. मग कोर्टातला न्यायाधीशच तेवढा वरून का येतो? तोही आम्हीच का निवडू नये?" सभेत हशा पिकला. वक्त्यांनीही हसून वेळ मारून नेली. मला मात्र हसू आले नाही, कारण पंचवीस वर्षांमागे हाच प्रश्न मी मोंढ्यातल्या हमालांच्या सभेत मुठी आवळून विचारीत असे आणि त्यावर टाळ्या घेत असे. त्या मुलाला कोणीतरी उत्तर द्यायला हवे होते. यंदा संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी हाच सांगितला.

मी वकील नाही, हे आधीच सांगून टाकतो. सातवीपर्यंत शाळा, मग पाठीवर पोते, मग युनियनचे काम, असा माझा अभ्यासक्रम. कायदा शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहता पाहता आणि रात्री वाचनालयात. तेव्हा यात पांडित्य सापडायचे नाही. हिशेब सापडला तर पाहा.

आपल्या उदगीरच्या कोर्टात जो न्यायाधीश बसतो तो येतो कसा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तालुक्याच्या पातळीवरचा दिवाणी न्यायाधीश हाच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतो. त्याची निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून होते: पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मग मुलाखत. नुसती पदवी पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी निकाल देऊन निदान तीन वर्षे वकिली केल्याची अट पुन्हा घातली. नेमणूक राज्यपालांच्या नावाने, पण ताबा उच्च न्यायालयाचा. घटनेच्या २३३ ते २३७ या कलमांत ही सारी व्यवस्था आहे आणि तिचा हेतू स्पष्ट आहे: खालच्या न्यायाधीशाची बढती-बदली मंत्र्याच्या किंवा कलेक्टरच्या हातात राहू नये. साधारण तीन वर्षे झाली की बदली. म्हणजे पेठेतल्या माणसांची नावे तोंडपाठ होतात न होतात तोच साहेबांचे सामान टेम्पोत चढते.

यावर आमच्या लोकांची तक्रार जुनी आहे. निजामाच्या राज्यात कोर्टाची भाषा उर्दू. आमच्या आजोबांची पिढी 'मुद्दई' आणि 'मुन्सफ' हे शब्द बोलत गेली, पण कागदावर काय लिहिले ते दुसऱ्याने वाचून दाखवल्यावाचून कळत नसे. पुढे १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, उदगीर बिदर जिल्ह्यातून उस्मानाबादेत आणि १९८२ साली लातुरात गेले. हुकूम बदलले, जिल्हे बदलले. कोर्ट हे वरून आलेले, आपले नव्हे, ही भावना मात्र राहिली. तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. ती अनुभवातून आलेली आहे.

आणि निवडलेला न्यायकर्ता ही कल्पना आपल्याला परकी आहे असेही नाही. जुन्या मराठी मुलखात गोतसभा बसत, वतनाचे आणि शिवेचे तंटे तोडीत, आणि निकालाचा महजर लिहून त्यावर पाटील नांगराची निशाणी करी, बलुतेदार आपापल्या हत्याराची. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण तिथलीच. अर्थात ते पाच कोण, हे परमेश्वराने ठरवलेले नसे. ते गावातल्या वजनावर ठरे.

स्वराज्यातही हा प्रयोग आपण करून पाहिला आहे, हे आज कोणाच्या लक्षात नाही. घटनेच्या चाळिसाव्या कलमाने ग्रामपंचायतींना स्वराज्याचे घटक मानले. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात न्यायपंचायतीचे एक अख्खे प्रकरण होते. काही गावांचा गट करायचा, गटातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्याकडून एक माणूस निवडून द्यायचा, आणि या निवडलेल्या मंडळींनी लहानसहान दिवाणी दावे आणि किरकोळ फौजदारी खटले चालवायचे. वकिलाला आत मज्जाव. तुरुंगाची शिक्षा देता येत नसे, दंड करता येई. कल्पना किती गोड! खर्च नाही, हेलपाटा नाही, भाषा आपली. आणि तरीही १९७५ साली हे प्रकरणच कायद्यातून काढून टाकले गेले. गावात त्यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. माझ्याच नात्यातल्या एका म्हाताऱ्याला मी याविषयी विचारले होते. तो म्हणाला, "अरे, ज्याच्या विहिरीवर माझं रान भिजतं, त्याचाच भाऊ पंच. मी दावा कुणाकडं लावू?"

या म्हाताऱ्याने एका वाक्यात जे सांगितले ते डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत अधिक कडक शब्दांत सांगितले होते. गाव म्हणजे स्थानिक अभिमानाचे आणि जातीय संकुचितपणाचे ठिकाण, असा त्यांचा आशय होता, आणि त्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळांनी राग धरला. मीही धरला होता, तरुणपणी. गावकुसाबाहेरून गावाकडे पाहिलेला माणूस असे का म्हणतो, हे कळायला मला वेळ लागला.

आता जिथे न्यायाधीश खरोखरीच मतपेटीतून येतो, तिकडे वळू. अमेरिकेत संघराज्याचे न्यायाधीश नेमलेले असतात, पण बहुतेक राज्यांत राज्याचे न्यायाधीश कोणत्या ना कोणत्या रूपाने मतदारांपुढे जातात. मिसिसिपी राज्याने १८३२ साली आपले सारे न्यायाधीश निवडणुकीने घ्यायचे ठरवले; न्यूयॉर्कने १८४६ साली तोच मार्ग धरला; मग राज्यामागून राज्ये गेली. त्यामागचा हेतू वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. गव्हर्नर आपली माणसे न्यायासनावर बसवी. ती मिंधेगिरी मोडावी म्हणून लोकांनी निवड आपल्या हाती घेतली. पण गव्हर्नर गेला आणि पक्षाचा मुकादम आला. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारकांनी दुसरी दुरुस्ती काढली: निवडणूक ठेवा, पण मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नको. हीच ती पक्षविरहित निवडणूक.

पश्चिम किनाऱ्यावरच्या वॉशिंग्टन राज्याचे उदाहरण घेऊ. तिथे आपल्या जिल्हा कोर्टासारखे जे कोर्ट असते त्याला सुपीरिअर कोर्ट म्हणतात आणि त्याचा न्यायाधीश चार वर्षांसाठी निवडतात. उमेदवार सनद असलेला वकील हवा. अर्जाबरोबर त्या पदाच्या वार्षिक पगाराच्या एक टक्का रक्कम भरावी लागते. मतपत्रिकेवर नुसते नाव. प्रचाराची बंधने मोठी मौजेची आहेत. उमेदवाराने स्वतः हात पसरून वर्गणी मागायची नाही. एक समिती नेमायची आणि तिने मागायची. 'मी चोरांना जन्मठेप देईन' किंवा 'घरमालकाच्या बाजूने निकाल देईन' असे वचन द्यायचे नाही. मग बोलायचे काय? किती वर्षे वकिली केली, कोणत्या प्रतिष्ठित मंडळींचा पाठिंबा आहे, आणि मी निःपक्षपाती राहीन. तीनही उमेदवार हेच सांगणार! मतदार बिचारा आडनावावर शिक्का मारतो, नाहीतर मतपत्रिकेतला तो भाग कोराच सोडतो. शिवाय अनेकदा न्यायाधीश मुदतीच्या मध्येच निवृत्त होतो, रिकाम्या जागी गव्हर्नर माणूस नेमतो, आणि पुढच्या निवडणुकीत तो 'विद्यमान न्यायाधीश' म्हणून उभा राहतो. विद्यमानाविरुद्ध कोण वकील उभा राहणार? उद्या त्याच्यापुढेच अशील घेऊन जायचे असते.

हे सारे निरुपद्रवी वाटेल. पण पैसा कुठून येतो ते पाहा. न्यायाधीशाच्या निवडणुकीला वर्गणी देण्याचा उत्साह सर्वांत जास्त कोणाला असतो? ज्यांचे काम त्या कोर्टात पडते त्यांना. म्हणजे वकिलांना आणि कंपन्यांना. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचे राज्य. तिथे ह्यू केपरटन नावाच्या एका लहान खाणवाल्याने मॅसी या बड्या कंपनीविरुद्ध दावा लावला आणि २००२ साली ज्यूरीने त्याला पाच कोटी डॉलर देवविले. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होते. मधल्या २००४ च्या निवडणुकीत मॅसी कंपनीचा प्रमुख डॉन ब्लँकेनशिप याने ब्रेंट बेंजामिन या उमेदवारासाठी सुमारे तीस लाख डॉलर खर्चले. बेंजामिन निवडून आला, त्या अपिलात बसला, आणि तीन विरुद्ध दोन मतांनी तो पाच कोटींचा निकाल रद्द झाला. २००९ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तेही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या मतांनी, सांगितले की या माणसाने त्या प्रकरणात बसायला नको होते. पुढच्याच वर्षी मॅसीच्या एका खाणीत स्फोट होऊन एकोणतीस कामगार मेले. सुरक्षेचे नियम मोडण्याचा कट केल्याबद्दल ब्लँकेनशिपला २०१६ साली एक वर्षाची कैद झाली. हा शेवटचा भाग विषयाला सोडून आहे, हे मला कळते; पण मी कामगारांचा माणूस आहे, तो गाळू शकत नाही.

त्या राज्याने त्यानंतर न्यायाधीशांच्या निवडणुकीतून पक्षांची नावे काढली. तेवढ्याने भागते का? विस्कॉन्सिन राज्याची निवडणूक कागदोपत्री पक्षविरहितच आहे. तिथे १ एप्रिल २०२५ रोजी वरिष्ठ न्यायालयाच्या एका जागेसाठी मतदान झाले आणि दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे दहा कोटी डॉलर उधळले गेले. पक्षांची नावे मतपत्रिकेवर नव्हती, एवढेच; बाकी सगळीकडे होती. ही उदाहरणे मोठ्या न्यायालयांची आहेत, तालुक्याची नव्हेत, असे कोणी म्हणेल. खालच्या न्यायाधीशावर पैशापेक्षा तारखेचा दाब पडतो. पेन्सिल्व्हेनियात दोन अभ्यासकांनी हजारो शिक्षांचा हिशेब मांडून २००४ साली दाखवले, की न्यायाधीशाची मतदानाची वेळ जवळ येऊ लागली की त्याने दिलेल्या शिक्षा लांबत जातात. गुन्हा तोच, कायदा तोच. फक्त पंचांग बदलले. त्या वाढीव महिन्यांत आत बसणारे कोण असतात, हे आपल्याला सांगायला नको.

अगदी अलीकडे मेक्सिकोने देशातले न्यायाधीशच मतदानाने निवडायला काढले, खालच्या कोर्टातलेसुद्धा. १ जून २०२५ रोजी पहिले मतदान झाले. पक्षांना प्रचाराची बंदी होती. उमेदवार इतके की मतदाराला पत्ता लागेना, आणि बाहेर कोणीतरी छापील चिठ्ठ्या वाटीत होते, या नावांवर खूण करा म्हणून. मतदान शेकडा तेराच्या आसपास. मात्र एक गोष्ट न सांगणे लबाडी होईल. त्या निवडणुकीत सर्वांत अधिक मते मिळवून सर्वोच्च न्यायालयाचा अध्यक्ष झालेला उगो आगिलार हा मिश्तेक या आदिवासी जमातीतला वकील आहे. परीक्षेच्या आणि शिफारशीच्या वाटेने तो तिथवर पोचला असता का, याचा जबाब आपल्यासारख्यांनीही द्यायला हवा.

आता उदगीरला परत येऊ, कारण पक्षविरहित निवडणूक म्हणजे काय हे आपल्याला मेक्सिकोने शिकवण्याची गरज नाही. आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूक कायद्याने पक्षाच्या चिन्हावर होत नाही. कपबशी, शिट्टी, नारळ अशी मुक्त चिन्हे मिळतात. मग गावात पक्ष नसतो का? त्याला आपण पॅनेल म्हणतो, एवढाच फरक. आणि पॅनेलही नको असेल तर 'बिनविरोध'. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात सरपंचपदाची बोली दोन कोटी पाच लाखांवर गेली, देवळासाठी म्हणून. राज्य निवडणूक आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये ती निवडणूक रद्द केली. मी स्वतः बाजार समितीच्या हमाल-मापाडी मतदारसंघातून उभा राहिलो आहे. तिथे एकच जागा. मते मोजकी, प्रत्येक मतदाराला मी नावाने ओळखणारा. तरीही मतदानाच्या आदल्या रात्री कोणाच्या ओट्यावर कोण बसले होते आणि का, हे सकाळी साऱ्या मोंढ्याला ठाऊक होते. मी त्या मतांबद्दल कोणाला दोष देत नाही. ज्या व्यापाऱ्याकडे उद्या काम मागायचे, त्याचे मन मोडता येत नाही. पण असे मत घेऊन माणूस न्यायासनावर बसला, तर पहिल्या दिवशी त्याच्यापुढे तोच व्यापारी आणि तोच हमाल उभे राहतील.

माझे मत बदलले ते मात्र पुस्तके वाचून नव्हे, दोन दाव्यांमुळे.

पहिला दावा एका हमालाच्या नुकसानभरपाईचा. थप्पी कोसळून त्याची कंबर कायमची गेली. मालकाने हात वर केले: हा आमचा माणूसच नव्हे. मालक असा, की गावातल्या प्रत्येक कमिटीवर, प्रत्येक गणपतीच्या वर्गणीच्या यादीत पहिला. साक्षीला उभे राहायला कोणी तयार होईना. शेवटी एक मापाडी उभा राहिला. न्यायाधीश राज्याच्या दुसऱ्या टोकाहून आलेले, वयाने लहान. मालकाचे नाव ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही, कारण ते नाव त्यांनी कधी ऐकलेच नव्हते! त्यांनी मापाड्याची वही पाहिली, तारखा जुळवल्या, आणि आमच्या बाजूने निकाल दिला. त्या दिवशी व्हरांड्यात उभे राहून मी मनाशी म्हटले, हा माणूस आपल्या मतांवर निवडून आलेला असता तर?

दुसरा दावा आम्ही हरलो. मजुरीचा हिशेब होता आणि त्यात वाराईची रक्कम धरायची की नाही असा वाद होता. ट्रक भरण्या-उतरवण्याची जी मजुरी गाडीवाल्याकडून घेतात ती वाराई. मोंढ्यातल्या पोराला विचारा, सांगेल. साहेबांनी विचारले, "वाराई म्हणजे काय?" समोरचे वकील चटकन म्हणाले, "बक्षिसी, साहेब. खुशीचा मामला." आमचे वकील कागद शोधत होते. उत्तर तसेच टिपले गेले आणि शेवटपर्यंत तसेच राहिले. बारा घरांची कमाई त्या एका शब्दात बुडाली. न्यायाधीश लबाड नव्हते, कोणाचे मिंधेही नव्हते. त्यांना मोंढा माहीत नव्हता.

माणसे माहीत नसणे हे न्यायाधीशाचे बळ, आणि काम माहीत नसणे ही त्याची उणीव. निवडणूक केली तर बळ जाते. उणीव भरेलच असे नाही, कारण निवडून येणाराही वकीलच असणार, हमाल नव्हे. मग उणीव भरायची कशी? यावर जगात एक जुना तोडगा आहे, आणि तो कामगारांच्या कामातूनच निघाला. फ्रान्समधल्या लियों शहरात रेशमाचे विणकर आणि व्यापारी यांचे तंटे सोडवायला १८०६ साली एक मंडळ काढले गेले. त्यातून कामगार आणि मालक यांनी निम्मे निम्मे बसून निकाल द्यायचे न्यायालय वाढत गेले. बरोबरी झाली की सरकारी न्यायाधीश येऊन तोड काढतो. कापड ज्याला कळते त्याने कापडाचा तंटा ऐकावा, ही साधी गोष्ट. या पंचांची निवडणूक होई. १९७९ साली ती देशभर झाली तेव्हा शेकडा साठांहून अधिक कामगारांनी मत दिले. २००८ साली जेमतेम चौथा हिस्सा उरला. मग ती निवडणूक बंद करून कामगार आणि मालक संघटनांच्या बळाप्रमाणे पंच नेमण्याची पद्धत आली. म्हणजे तिथेही मतपेटी गेली, पण कामगाराची खुर्ची राहिली. मला हवी आहे ती खुर्ची.

आपल्याकडे ती मांडायची संधी दोनदा आली. विधी आयोगाने १९८६ साली आपल्या ११४ व्या अहवालात ग्रामन्यायालय सुचवले, त्यात एक कायदा शिकलेला न्यायाधीश आणि शेजारी दोन सामान्य माणसे होती. २००८ साली ग्रामन्यायालयाचा कायदा झाला, २ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आला. त्यात न्यायाधिकारी राहिला, शेजारची दोन माणसे गळाली. दुसरी गोष्ट ताजी आहे. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात औद्योगिक न्यायाधिकरण दोन सदस्यांचे सांगितले आहे. वाचता वाचता माझी छाती फुगली; पुढची ओळ वाचली. एक सदस्य न्यायिक, दुसरा प्रशासकीय. दुसरी खुर्ची मांडली, आणि तिच्यावर साहेबच बसवला! न्यायाधीशाच्या निवडणुकीची मागणी करण्यात जी ताकद आम्ही घालवली, ती या दुसऱ्या खुर्चीसाठी लावायला हवी होती, असे आता वाटते. लोकांनी मागितले म्हणून कोर्ट हलते, हे मराठवाड्याने पाहिलेले आहे. उच्च न्यायालयाचे खंडपीठ १९८१ साली तेव्हाच्या औरंगाबादला आले, ते वर्षानुवर्षांच्या मागणीनेच.

एके ठिकाणी मात्र ती खुर्ची आजही आहे. लोकअदालतीच्या पॅनेलवर न्यायाधीशाबरोबर वकील आणि समाजकार्यकर्ता बसतो. मलाही एकदा बोलावणे आले. दिवसभर बँकेची आणि विजेची थकबाकी चालली होती. दुपारी एक लहानसा दावा पुढे आला, वाहतूकदार आणि त्याच्या माणसांमधला. कागद चाळता चाळता न्यायाधीशांनी माझ्याकडे वळून हळूच विचारले, "भाऊ, ही वाराई काय भानगड आहे?" मी सांगितले. कोण देतो, केव्हा देतो, पोत्यामागे कशी ठरते, पावती का नसते. तीन मिनिटे लागली असतील. त्यांनी वाहतूकदाराला दोन प्रश्न विचारले, त्याने मान खाली घातली आणि आकड्यावर तडजोड झाली. चहा आला तोवर सह्या झाल्या होत्या.

पण लोकअदालतीत दोघांची संमती लागते. त्यानंतरच्या दाव्यात मालक 'मला मान्य नाही' म्हणाला आणि ती फाइल परत नेहमीच्या कोर्टात गेली. तिथे मी व्हरांड्यात उभा असतो.